अर्ध्या कात्रणावरून मूळ अंकापर्यंत: द्राक्ष स्क्वॉशच्या एका जुन्या पाककृतीचा शोध

पार्श्वभूमी

दिंडोरी तालुक्यातला एक महिला बचत गट हंगामात द्राक्षांचा स्क्वॉश करतो आणि नाशिक शहरातल्या प्रदर्शनांमधून व ओळखीच्या दुकानांमधून विकतो. माल निर्यातीला गेला की मागे राहणारे सुटे मणी आणि लहान घड स्वस्तात मिळतात, म्हणून हा धंदा परवडतो. गटाने काळ्या द्राक्षांचा स्क्वॉश सुरू केला आणि तक्रारी येऊ लागल्या. बाटलीच्या तळाशी बारीक, चमकणारे, दाताखाली करकरणारे कण दिसत होते. एका गिऱ्हाइकाने तर "काचेचा चुरा आहे" म्हणून बाटली परत आणली.

काचेचा त्यात काही संबंध नव्हता. द्राक्षाच्या रसात टार्टारिक आम्ल असते. रस थंड झाला की त्याचा पोटॅशियमयुक्त क्षार स्फटिक होऊन खाली बसतो. बेकरीवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात तोच हा पदार्थ. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत बसून बाटल्या खपत नाहीत.

गटप्रमुख ताईंच्या सासूबाईंकडे एका जुन्या मासिकाचे कात्रण होते. त्या कृतीने केलेले सरबत वर्षभर निवळ राहायचे, असे त्या सांगत. कात्रण नेमके घडीवर फाटले होते. वरची अर्धी बाजू शिल्लक होती: साहित्य, द्राक्षे धुण्याची व कुस्करण्याची कृती, आणि शेवटची ओळ "रस फडक्यांतून गाळून घ्यावा व त्यांत". पुढचे सगळे गेलेले. स्फटिक कसे टाळायचे आणि टिकाऊपणासाठी काय, किती घालायचे, हे दोन्ही त्या हरवलेल्या अर्ध्यात होते.

अडचण

मासिकाचे नाव, साल, महिना, लेखिकेचे नाव यांपैकी काहीच कात्रणावर नव्हते. वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा तेवढा होता: 77.

गटाने आधी इंटरनेट पालथे घातले. द्राक्षाच्या सरबताच्या कृती शेकड्याने मिळाल्या, हवी ती मिळाली नाही, आणि त्यात नवल नाही. जुन्या मराठी मासिकांचे काही अंक इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, पण छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी यंत्रणा जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे, त्यातही जागोजागी अनुस्वार असलेल्या मजकुरापुढे, हात टेकते. अंक तिथे असला तरी शब्द टाकून तो सापडेलच असे नसते. शिवाय स्कॅनची नावे इंग्रजी अक्षरांत, ज्याला जशी सुचली तशी दिलेली असतात.

मग वाचनालय. हे शहरातले जुने सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचे नाव इथे देत नाही. पहिल्या फेरीत गटाच्या दोघी देवघेव विभागात गेल्या आणि "द्राक्ष स्क्वॉशची जुनी पाककृती हवी" म्हणाल्या. तिथल्या कर्मचाऱ्याने संगणकावर पाककृतींची पुस्तके काढून दिली आणि त्या तीन पुस्तके घेऊन घरी आल्या. तिन्ही पुस्तके चांगली, तिघांतही द्राक्षे होती, पण प्रश्नाचे उत्तर नव्हते.

इथे वाचनालयाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. जे मागितले ते मिळाले. पुस्तक आणि मासिकातला लेख या वाचनालयाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकाच्या यादीत प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र नोंद असते. मासिकाच्या सहा महिन्यांच्या बांधीव खंडाची मात्र एक ओळ असते, तीही असली तर. त्या खंडातल्या लेखांची नावे कुठेच चढवलेली नसतात. बहुतेक ठिकाणी संगणकीकरण देवघेवीच्या पुस्तकांपासून सुरू झाले, त्यामुळे जुने बांधीव खंड अजून कागदी दाखल नोंदवहीतच आहेत. संगणकावर नाही म्हणजे वाचनालयात नाही, असा अर्थ काढून माणसे परत जातात.

पुस्तकांतच शोधायचे झाले, तरी हा विषय एका कपाटात मावत नाही. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन, लावलेल्या वाचनालयात पाककृती 641.5 ला, अन्न टिकवण्याचे प्रकार 641.4 ला, घरगुती पेये 641.87 ला, कारखानदारीच्या अंगाने लिहिलेले 663 व 664 ला, आणि द्राक्षशेतीच्या पुस्तकात शेवटी जोडलेले प्रक्रियेचे प्रकरण 634.8 ला. स्क्वॉशची उत्तम माहिती कित्येकदा या शेवटच्या कपाटात असते आणि पाककृती शोधणारा तिकडे फिरकतच नाही. शब्दही बदलून पाहावे लागतात: पाककृती, पाकशास्त्र, गृहशास्त्र, फळप्रक्रिया. जुन्या नोंदी ऱ्हस्व "पाककृति" अशा असतात. संगणकाला ऱ्हस्व आणि दीर्घ हे दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून "पाककृत" एवढेच टाकून शोधणे बरे.

कात्रणाची मागची बाजू

दुसऱ्या फेरीत दोघी कात्रण घेऊन संदर्भ विभागात ग्रंथपालांकडे गेल्या. प्रकरणाला इथून वळण लागले. कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत होते आणि ताई पाककृती वाचून दाखवू लागल्या.

"ताई, कृती राहू द्या. आधी ते उलटं करा," ग्रंथपाल म्हणाले.

मागे केसांच्या तेलाची पानभर जाहिरात होती. तिचाही वरचाच भाग उरला होता. बाटलीची किंमत होती "62 न. पै.", आणि त्याखाली "महाराष्ट्र राज्यांत सर्वत्र मिळते" अशी ओळ. एवढ्यावर काळ ठरवता आला.

"न. पै." म्हणजे नये पैसे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली आणि 1 जून 1964 पासून नाण्यांच्या नावातला "नये" गेला. म्हणजे अंक या दोन तारखांच्या मधला. जाहिरातींचे ठसे जुनेच वापरले जात, त्यामुळे शेवटच्या तारखेनंतर काही महिन्यांची सूट धरायला हवी. "महाराष्ट्र राज्य" म्हटले आहे, म्हणजे 1 मे 1960 नंतरचा. पुढच्या बाजूला "करावें", "त्यांत", "नाहीं" असे सगळे अनुस्वार शाबूत होते. उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकणारे साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे. नियतकालिकांनी ते एका रात्रीत स्वीकारले नाहीत, म्हणून ही खूण एकटी पुरावा ठरत नाही, पण बाकीच्या खुणांशी जुळत होती. साखरेचे माप रत्तलात आणि आम्लाचे तोळ्यांत होते, तेही त्या काळाला धरून. मेट्रिक वजने कायद्याने येऊन चार-पाच वर्षे झाली असली तरी स्वयंपाकघरात रत्तल आणि तोळे सुखाने नांदत होते.

आता महिना. नाशिकच्या द्राक्षांचा भर फेब्रुवारी ते एप्रिल. मासिके हंगामाच्या तोंडावर अशा कृती छापतात, म्हणून फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले. 1961 ते 1964 ही चार वर्षे. एका मासिकाचे एकूण सोळा अंक.

जाहिरातीवर पिनकोड असता तर सगळा हिशेब वेगळा झाला असता. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आले. त्याआधीच्या पत्त्यात "मुंबई 4" असा एक-दोन आकडी विभाग असतो, नंतरच्यात "मुंबई 400 004". सत्तरच्या दशकातल्या कात्रणांना ही खूण सर्वांत कामाची पडते.

मासिक कोणते, हे कात्रणाच्या मापावरून ठरले. त्या काळातल्या मराठी महिला मासिकांत "स्त्री" 1930 पासूनचे, "मेनका" 1960 पासूनचे, "माहेर" 1962 पासूनचे. शिवाय पाककृतींचे सदर चालवणारी इतरही होती. ग्रंथपालांनी प्रत्येकाचा एकेक खंड टेबलावर मागवला आणि कात्रण शेजारी ठेवले. स्तंभाची रुंदी पट्टीने मोजली. पानाचा आकडा वर कोपऱ्यात की खाली मधोमध, मथळ्याखालची नक्षी कशी, स्तंभांमध्ये उभी रेघ आहे की नाही, हे पाहिले. कागदाच्या रंगावर मात्र जाऊ नये. घरात उजेडात राहिलेले कात्रण आणि कपाटात बंद राहिलेला खंड एकाच अंकाचे असले तरी वेगळे दिसतात. तासाभरात एका मासिकावर बोट ठेवता आले. त्याचे नावही इथे देत नाही, कारण पुढे त्याच्या एका छापील चुकीचा उल्लेख आहे.

सापडले, पण पान नव्हते

दाखल नोंदवहीप्रमाणे त्या मासिकाचा 1961 चा एकही खंड वाचनालयात नव्हता. 1962 पूर्ण, 1963 चा उत्तरार्ध आणि 1964 पूर्ण होते. बांधीव खंड घरी मिळत नाहीत. ओळखपत्र दाखवून, मागणी चिठ्ठी भरून तिथेच बसून पाहायचे. चिठ्ठीवर मासिकाचे नाव, साल आणि सहामाही लिहिली की शिपाई खंड आणून देतो. "जुने अंक दाखवा" असे मोघम लिहिले तर काहीच येत नाही.

हाती असलेल्या खंडांत फेब्रुवारी ते मे असे आठ अंक होते. एकेक पान उलटण्याऐवजी आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वाचायची ठरले. त्यात "द्राक्ष" हा शब्द कुठेच नव्हता. पाककृती अनुक्रमणिकेत क्वचितच स्वतःच्या नावाने येतात. तिथे सदराचे नाव येते आणि त्या महिन्याचा पदार्थ आत दडलेला असतो. म्हणून पदार्थाऐवजी पानाचा आकडा शोधला. मार्च 1962 च्या अंकात गृहिणींच्या सदरापुढे 77 हा आकडा होता. बाकी सात अंकांत ते सदर वेगवेगळ्या पानांवर होते, 77 वर नव्हते.

खंड उघडला तर मार्चचा अंक 72 व्या पानावर संपत होता आणि पुढे लगेच एप्रिलचे पहिले पान.

पाने कोणी फाडली नव्हती. ही बांधणीतली जुनी सवय आहे. अंक 80 पानांचा. शेवटचा आठ पानांचा फर्मा, म्हणजे 73 ते 80, जवळजवळ सगळा जाहिरातींचा. खंड जाड होऊ नये म्हणून बाइंडर मुखपृष्ठे आणि जाहिरातींचे फर्मे काढून टाकत. वाचनालयांचीही त्याला हरकत नसे, कधी तशी सूचनाच असे. पण मासिकांची लहान सदरे, म्हणजे पाककृती, विणकाम, घरगुती उपाय, ही नेमकी याच मागच्या पानांत जाहिरातींच्या सोबतीने छापलेली असत. कथा-कविता वाचल्या आणि स्वयंपाकघर रद्दीत गेले. महिला मासिकांतल्या पाककृती शोधणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो, तेव्हा कोणताही बांधीव खंड हातात घेतला की आधी प्रत्येक अंकाचे शेवटचे पान कितवे आहे ते तपासावे.

पुढे काय करायचे: तोललेले पर्याय

इथे थांबून चार वाटांचा विचार झाला.

पहिली वाट शोध सोडून देण्याची. कृषी विज्ञान केंद्राकडून स्क्वॉशची आजची प्रमाणित कृती घ्यायची आणि कामाला लागायचे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे केंद्र नाशिकमध्येच आहे. स्पष्टच सांगायचे तर स्फटिकांचा प्रश्न या वाटेने सर्वांत लवकर सुटला असता. पण ताईंना सासूबाईंच्या हातची कृती पूर्ण करायची होती आणि ते कारणही खोटे नव्हते.

दुसरी वाट जुन्या पुस्तकांच्या दुकानांची आणि रद्दीवाल्यांची. सुटे अंक तिथे मुखपृष्ठ-जाहिरातींसह मिळतात हा मोठा फायदा. पण ठरावीक महिन्याचा ठरावीक अंक मिळणे नशिबाचा भाग. ही वाट बंद केली नाही, एका विक्रेत्याकडे फक्त चिठ्ठी ठेवली.

तिसरी, प्रकाशकांना विचारण्याची. इतक्या वर्षांत मासिकांची मालकी आणि पत्ते बदलतात. पत्र कोणाला लिहायचे इथपासूनच सुरुवात करावी लागली असती.

चौथी, दुसऱ्या मोठ्या वाचनालयांची: पुणे नगर वाचन मंदिर (1848), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898), आणि 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्यान्वये प्रकाशकांकडून प्रती जमा होणारी मुंबईचे एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय व कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय. नियतकालिके या कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने आली, म्हणून 1962 चा अंक तिथे जमा झालेला असण्याची शक्यता होती. अर्थात कायद्याने जमा व्हायला हवा आणि प्रत्यक्ष जमा झाला यांत फरक असतो.

चौथी वाट धरली. जाण्याआधी पत्र पाठवायचे, हा त्यातला महत्त्वाचा निर्णय. नाशिकहून मुंबई-पुण्याला जाऊन तिथेही 72 व्या पानावर खंड संपलेला पाहायचा, यात शहाणपण नव्हते. ग्रंथपालांनी वाचनालयाच्या पत्रावर चार ओळी लिहून दिल्या: मासिकाचे नाव, मार्च 1962, वर्ष व अंक क्रमांक, पान 77, "आपल्या संग्रहातील प्रतीत पृष्ठे 73 ते 80 आहेत किंवा कसे, एवढे कृपया कळवावे." वर्ष आणि अंक क्रमांक मुद्दाम दिले, कारण मासिकाचे वर्ष जानेवारीतच सुरू होते असे नाही आणि कित्येक ठिकाणी खंडाच्या पाठीवर साल न छापता वर्षाचा क्रमांक असतो.

प्रश्न असा नेमका विचारला की उत्तर येते. "जुन्या पाककृतींसंबंधी साहित्य हवे आहे" अशा पत्राला कोणी कपाट उघडत नाही. दोन ठिकाणांहून "नाही" आले, एक पत्र अनुत्तरित राहिले, आणि एका वाचनालयाने कळवले की तो अंक त्यांच्याकडे बांधणी न झालेल्या सुट्या अंकांच्या गठ्ठ्यात आहे. बांधणी राहून गेल्यामुळे तो वाचला होता.

पान मिळवण्याची रीत साधी होती: परिचयपत्र, ओळखपत्र, अर्ज. झेरॉक्सला परवानगी नव्हती आणि ते बरोबरच होते. साठच्या दशकातला वर्तमानपत्री कागद यंत्रावर पालथा दाबला की शिवणीपाशी तुटतो. फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो घेतले: आधी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, मग पान 77, म्हणजे कोणता फोटो कोणत्या अंकाचा हे नंतर शोधावे लागत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी अशी प्रत घ्यायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये जागा आहे. तोच मजकूर गटाच्या पत्रकात जसाच्या तसा छापायचा असेल तर गोष्ट वेगळी. लेखिकेच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतात, तेव्हा परवानगी लागते. कृती करून पदार्थ विकायला हरकत नाही, लेखिकेचे शब्द विकू नयेत.

हरवलेला अर्धा भाग काय सांगत होता

हरवलेल्या मजकुराचा सारांश असा: गाळलेल्या रसात "पोटॅशियम मेटाबायसल्फाइट एक चहाचा चमचा" (रस टिकवणारे रसायन, पुढे नुसते सल्फाइट) थोड्या पाण्यात विरघळवून घालावे, रस काचेच्या बरणीत भरून तोंड बंद करावे, थंड जागी न हलवता दहा-बारा दिवस ठेवावा, आणि तळाशी बसलेला गाळ व "खडे" न ढवळता वरचा निवळ रस रबरी नळीने काढून घ्यावा. मग साखरेचा पाक पूर्ण गार करून त्यात मिसळावा. फ्रिज नसलेल्या घरासाठी हा उत्तम तोडगा होता. स्फटिक बाटलीत बसण्याऐवजी आधी बरणीत बसवायचे, एवढेच त्यात होते.

गट दुसऱ्याच दिवशी बरणी भरायला निघाला होता. ग्रंथपालांनी थांबवले आणि पुढचे दोन अंक पाहायला सांगितले. मासिकांत मोजमापाची चूक झाली की दुरुस्ती पुढच्या अंकात, नाहीतर त्याच्या पुढच्या अंकात येते, आणि ती कृतीच्या सदरात न येता वाचकांच्या पत्रांत किंवा संपादकीय टिपेत, बारीक टाइपात येते. पत्रांची पाने अंकाच्या पुढच्या भागात असल्याने नाशिकच्या खंडात ती शाबूत होती. मे 1962 च्या अंकात दोन ओळी सापडल्या: मार्चच्या अंकातील द्राक्षांच्या कृतीत "एक चमचा" ऐवजी "पाव चमचा" वाचावे.

हा फरक किती मोठा होता, ते आकड्यांत पाहू. कृती तीन बाटल्यांची, बाटली 24 औंसांची, म्हणजे सुमारे 680 मिलिलिटर. मेट्रिकमध्ये आणल्यावर प्रमाण असे होते: रस एक बाटली म्हणजे 680 मिलिलिटर, साखर 2 रत्तल म्हणजे 907 ग्रॅम, पाणी सुमारे 800 मिलिलिटर, सायट्रिक आम्ल 2 तोळे म्हणजे 23 ग्रॅम. तयार स्क्वॉश साधारण 2.4 किलो. यात रस 30 टक्क्यांच्या आसपास आणि एकूण विद्राव्य घन पदार्थ 42 टक्क्यांच्या आसपास येतात. फळांच्या पदार्थांसाठीच्या तेव्हाच्या सरकारी आदेशाप्रमाणे (फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर, 1955) स्क्वॉशमध्ये रस किमान 25 टक्के, घन पदार्थ किमान 40 टक्के आणि सल्फर डायऑक्साइड जास्तीत जास्त 350 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 350 भाग, चालत असे. म्हणजे लेखिकेने प्रमाण डोळे झाकून दिले नव्हते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून वजनाच्या सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणून मर्यादा किलोला 0.6 ग्रॅम पडते. 2.4 किलोला साधारण 1.4 ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा. पूर्ण चमचा घातला असता तर मर्यादेच्या चौपट झाले असते. वास नाकात जातोच, दम्याच्या माणसाला त्रासही होतो.

रत्तलाचे माप होते म्हणून रूपांतर सोपे गेले. शेर असता तर घोळ झाला असता: सरकारी शेर 80 तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅम, मुंबईचा जुना शेर 28 तोळ्यांचा, जेमतेम 326 ग्रॅम. जुन्या कृतीत शेर दिसला की लेखिका कुठल्या गावची आणि अंक कुठल्या सालचा हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये.

आणखी एक अडचण होती, आणि ती मासिकाने सोडवण्यासारखी नव्हती. कृती भोकरी द्राक्षांची, म्हणजे हिरवट-पांढऱ्या जातीची. गट वापरत होता काळी. सल्फाइट काळ्या-लाल रंगाला विरंजित करते. सल्फाइट घातलेला काळ्या द्राक्षांचा रस फिकट, मळकट दिसतो.

निष्पत्ती

आता कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतला. काळ्या द्राक्षांसाठी सल्फाइटऐवजी सोडियम बेंझोएट, किलोला जास्तीत जास्त 0.7 ग्रॅम (बेंझोइक आम्लाची मर्यादा 600 पीपीएम), वेगळ्या पाण्यात विरघळवून अगदी शेवटी. निवळण्याची पायरी लेखिकेचीच ठेवली, फक्त बरणी थंड जागेऐवजी फ्रिजमध्ये. टिकवण्याचे द्रव्य नसलेला रस बाहेर दहा दिवस ठेवला तर आंबतो, म्हणून गाळलेला रस आधी तापवून, गार करून मगच फ्रिजमध्ये ठेवायचा. रबरी नळी कायम राहिली.

पुढच्या घाण्यात बाटल्यांच्या तळाशी कण जवळपास दिसेनासे झाले. पूर्ण गेले नाहीत. दुकानातल्या फ्रिजमध्ये फार दिवस राहिलेल्या बाटल्यांत थोडे दिसत होते, म्हणून बरणीतले दिवस वाढवले आणि लेबलवर एक ओळ छापली. सासूबाईंनी चव पाहून "आमच्या वेळेसारखं नाही" असे सांगितले. भोकरी आता बाजारात सहज मिळत नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे तपासता आलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच फेरीत कात्रण घेऊन थेट संदर्भ विभागात जायला हवे होते. देवघेवीच्या खिडकीवर पदार्थाचे नाव सांगून पुस्तक मिळते. लेख हवा असेल तर काळ आणि नियतकालिक सांगावे लागते, आणि ते माहीत नसेल तर ज्यावरून ते काढता येईल ती वस्तू दाखवावी लागते.

केंद्राचा सल्ला आणि वाचनालयातला शोध दोन्ही एकदमच सुरू करता आले असते. एक संपल्यावर दुसरे, या क्रमामुळे अर्धा हंगाम हातचा गेला. काळ्या द्राक्षांना सल्फाइट चालत नाही हे आधी कळले असते, तर मूळ पान मिळवण्याची घाईही उरली नसती.

मे महिन्यातली दुरुस्ती सापडली ती ग्रंथपालांच्या सवयीमुळे. गटाने फोटो मिळताच काम संपले असे धरले होते. जुनी कृती, विशेषतः रसायन असलेली, हाती आली की पुढचे दोन अंक पाहणे आणि प्रमाणाचा आजच्या मर्यादेशी हिशेब घालणे, या दोन पायऱ्या वगळू नयेत. दुरुस्ती छापली गेलीच असेल असेही नाही, म्हणून दुसरी पायरी पहिलीपेक्षा महत्त्वाची.

वाचनालयाने या प्रकरणानंतर दोन गोष्टी केल्या. 1962 च्या खंडाच्या आतल्या पुठ्ठ्यावर "मार्च: पृ. 73 ते 80 या प्रतीत नाहीत. द्राक्षांची कृती पृ. 77, दुरुस्ती मे अंकात" अशी पेन्सिलीने नोंद केली आणि फोटोंची छापील प्रत एका लिफाफ्यात खंडासोबत ठेवली. आणि बाइंडरला द्यायच्या चिठ्ठीत आता एक ओळ वाढली आहे: मुखपृष्ठ व जाहिरातींची पाने काढू नयेत. त्याने खंड जाड होतात आणि बांधणीचा दर वाढतो, म्हणून सध्या ही सूचना महिला मासिके आणि दिवाळी अंक यांनाच लागू आहे.